नाल्यातलं पांढरं पोवळं

मी मूळची भित्री. पालीला भिते, विजेला भिते. शाळातपासणीला साहेब आले की फळ्यावर माझं अक्षर वाकडं व्हायचं. त्यामुळं ऐन विशीत मी हिंगोलीच्या रानात अळंब्या गोळा करत हिंडले हे आमच्या घरात कुणाला खरं वाटत नाही. मी तो विषय सहसा काढतही नाही. काढला की त्या एका आठवड्याशी येऊन थांबावं लागतं.

साल त्रेचाळीस असेल, नाहीतर चव्वेचाळीस. वडील वारले आणि माझं नागपूरचं कॉलेज इंटरनंतर सुटलं. दादा हिंगोली स्टेशनात पार्सलचं काम बघायचा, त्याच्याकडं मी राहायला आले. पूर्णेहून निघालेली गाडी हिंगोलीत यायची आणि संपायची. पुढं रूळच नव्हते. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली ती आजारपणामुळं दोन-तीन वर्षं तिकडंच राहिली, म्हणून घर माझ्याकडं होतं आणि मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवायची नोकरीही मिळाली होती. राज्य निजामाचं, त्यामुळं आठवड्याची सुट्टी शुक्रवारी.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आमचे प्राध्यापक बुरशीवेडे होते. त्यांचा निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून एक जुनं भिंग काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "तिकडच्या अळंब्यांची अजून कुणी नोंद केलेली नाही. जे दिसेल ते मंद आचेवर वाळवा आणि पाठवा. ताजं असताना रंग लिहा, वास लिहा, चव लिहा. चव म्हणजे जिभेच्या टोकाला लावायचं आणि थुंकून टाकायचं. गिळायचं नाही. कळलं?"

कळलं होतं. पहिल्या पावसाळ्यात मी आठ-दहा पुड्या धाडल्या. सगळ्या साध्या निघाल्या. दर वेळी प्राध्यापकांचं कार्ड यायचं : "ठीक. पाहत राहा."

आमच्याकडं जळण घालायला एक लमाण म्हातारी यायची. औंढ्याच्या वाटेवर दोन कोसांवर तिचा तांडा होता. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरसे लावलेली चोळी, आणि डोक्यावर तिच्याहून लांब मोळी. मी तिला याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तेवढा एकच शब्द मला येत होता. ती मला बाई म्हणायची. मोळी टाकली की ओसरीवर बसून चहा घ्यायची आणि मी भिंगातून काय बघते ते लांबूनच बघायची. जवळ यायची नाही. "डोळा मोठा दिसतो तुमचा त्यात," म्हणायची, "भेव वाटतं."

दुसऱ्या वर्षी श्रावणात एकदा तिनं मोळी टाकली आणि मी लाकडं आत नेऊ लागले. एका कुजक्या फांदीच्या टोकाला काहीतरी पांढरं चिकटलेलं होतं. आधी वाटलं मेणबत्तीचं मेण सांडलंय. भिंग लावलं तर झुडूप! बोटभर उंचीचं. बुडाशी एकच देठ, मग त्याला फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि त्या गोल नसून पट्टीसारख्या चपट्या. टोकं बारीक कातरल्यासारखी. पान नाही, छत्री नाही. वर्गात प्राध्यापकांनी समुद्रातल्या पोवळ्याचं चित्र काढून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, काही बुरश्या अशा दिसतात. ते हे असणार.

"याडी, हे कुठं मिळालं?"

"ते? नाल्यात. लई हाय तिथं."

"मला दाखवशील?"

तिनं मोळीची दोरी सोडून गुंडाळली. मग म्हणाली, "बाई, तिथं अस्वल येतं कधीमधी."

मी तिथंच हो-नाहीचा विचार करायला हवा होता. पण प्राध्यापकांच्या कार्डावरचं ते 'ठीक' मला फार दिवस टोचत होतं. शुक्रवारी येते म्हणाले.

दादाला मी तांड्यावरच्या बायकांना अक्षरओळख करून द्यायला जाते असं सांगितलं. तो नुसता "संध्याकाळच्या आत ये" म्हणाला. आयुष्यात त्याच्याशी फार कमी वेळा खोटं बोलले. त्यातली ती एक.

तांड्यापासून नाला अर्ध्या तासावर. आधी माळ, मग साग लागला. सागाची पानं पावसात भिजून जाड झालेली, त्यांच्यावर थेंब पडले की कुणीतरी मागून चालत येतंय असंच वाटायचं. मी दर दहा पावलांनी मागं बघत होते. याडी पुढं होती, हातात कोयता, आणि मोठ्यानं बोलत चालली होती. कुणाशी बोलतेस म्हटलं तर म्हणाली, "अस्वलाला ऐकू गेलं पायजे. अचानक भेटलं की ते भेतं. भ्यालं की मारतं." त्यानंतर मीही मोठ्यानं बोलू लागले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून बे एके बेपासून पाढे म्हणत गेले.

नाल्याच्या वळणावर बांबूचं एक बेट होतं. वर इतकी दाट सावली की खाली दिवसाही हिरवट अंधार. कुजलेल्या पानांवर आणि पडक्या बांबूंवर ती पांढरी झुडपं उगवली होती. एक नाही, दोन नाहीत. कुठं मुठीएवढा झुपका, कुठं नुसती दोन बोटं वर आलेली. मी गुडघ्यांवर बसले. पानं उचलून बघितलं तर खाली पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं पसरलेलं होतं. वही काढली. रंग : पांढरा, दुधासारखा, टोकाला किंचित पिवळसर. वास : ओल्या मातीचा. चव : टोकाला लावली, थोडी कडवट, थुंकली.

याडी माझ्या थुंकण्याकडं बघत होती.

"खातेत का बाई हे? टेकोड्यावानी?"

टेकोडे म्हणजे त्यांच्याकडं खायच्या अळंब्या. वारुळावर येतात त्या.

त्या वेळी मी दिलेलं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं, कारण पुढं ते मला डॉक्टरांपुढं परत म्हणावं लागलं. मी म्हणाले, "आमच्या पुस्तकात ह्याला विषारी म्हटलेलं नाही."

वाक्य खरं होतं. पुस्तकात ह्या जातीबद्दल विषाचा शब्दही नव्हता, आणि खाण्याचाही नव्हता. पण मला त्या वेळी "मला माहीत नाही" असं म्हणायचं नव्हतं. गुडघ्यांवर बसलेली, हातात भिंग, आणि समोर एक बाई माझ्याकडं जाणत्या माणसाकडं बघावं तशी बघत होती. मला ते आवडलं होतं.

याडीनं मान हलवली. मी माझे नमुने टोपलीत ठेवले. मी वही भरत होते तेव्हा तिनं तिच्या ओच्यात काय घेतलं, ते मी बघितलं नाही.

रविवारी सकाळी शाळेला निघायच्या वेळी याडी दारात उभी. डोक्यावर मोळी नव्हती. चेहरा राखेसारखा.

"बाई, सून मरून राहिली माझी."

मला आधी काही कळलं नाही. मग तिनं ओचा उघडला. त्यात मऊ पडलेले पाच-सहा पांढरे झुपके होते.

"काल सांजच्याला तिनं कालवण केलं ह्याचं. म्या न्हाई खाल्लं, मला दात न्हाईत. पोरगं कळमनुरीकडं सडकेच्या कामाला गेलंय. तिनं एकटीनंच खाल्लं. पहाटंपसून उलट्या न् जुलाब. नुसतं पानी. तुमीच म्हनला व्हता ना, बाधत न्हाई म्हून?"

ती मला दोष देत नव्हती. विचारत होती. ते जास्त वाईट होतं.

सून माझ्याच वयाची होती. शुक्रवारी मी तिच्या हातचं ताक प्यायले होते.

 वर्गात प्राध्यापकांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती : वाईट अळंबीचं विष लगेच कळत नाही. खाल्ल्यावर आठ-दहा तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. मग माणसाला जरा बरं वाटतं, घरचे सुटलो म्हणतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो जातो. मी बोटांवर तास मोजले. काल सांज, आज पहाट. बरोबर बसत होते.

"तिला आण," मी म्हणाले. "बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात आण. मी पुढं होते."

"आनली हाय. गाडी वेशीपाशी उभी हाय. तुमाला इचारल्याबिगर दवाखान्यात कशी नेऊ?"

दवाखान्याचे डॉक्टर वयस्क मुसलमान गृहस्थ होते. पांढरी दाढी, हळू बोलणं. त्यांना सांगायच्या आधी मी त्यांच्या टेबलापाशी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. गप्प राहता आलं असतं. याडी काही मोठ्या माणसांपुढं माझं नाव घेणारी नव्हती. हा विचार माझ्या मनात आला आणि पुरता एक मिनिटभर तिथं राहिला, हे मला लिहायलाच हवं.

मग मी सांगितलं. नाला, बुरशी, माझं वाक्य, सगळं.

डॉक्टर आत जाऊन सुनेला बघून आले. खुर्चीवर बसले. हात पुसत म्हणाले, "बेटी, दो चीजां हो सकते. या तो ये छतरी का जहर, या फिर हैजा."

हैजा म्हणजे पटकी. आमच्याकडं तो शब्द घरात उच्चारत नसत. महामारी म्हणत, नाहीतर नुसतं 'ते'.

"दोनों में ऐसेच दस्त होते. चावल के पानी जैसे. मेरेकू फरक मालूम होना. जहर है तो एक ही औरत की बात है. हैजा है तो पूरे तांडे की बात है. तुम पढी हुई हो. बोलो, ये चीज क्या है?"

त्यांच्या टेबलावर पितळी सूक्ष्मदर्शक होता. हिवतापाचं रक्त बघायला ते तो वापरायचे. मी तो मागितला तेव्हा त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. भिंगाला लावायच्या तेलाची छोटी बाटली आणि काचपट्ट्या पुढं सरकवल्या आणि सलाईनची तयारी करायला आत गेले.

मी याडीच्या ओच्यातला एक झुपका घेतला, काचेवर फांदी दाबून पुसली, थेंबभर पाणी टाकलं. पहिली काच जास्त दाबली गेली आणि फुटली. दुसऱ्या काचेवर उजेडाचं वर्तुळ आलं, मग त्यात कण तरंगताना दिसले. बुरशीचं बी ते. बहुतेक बुरश्यांचं गोल असतं, नाहीतर तांदळासारखं लांबट. ह्याला कोपरे होते. खडीसाखर फोडून टाकावी तसं.

हेच चित्र प्राध्यापकांनी एकदा फळ्यावर काढलं होतं. म्हणाले होते, "चपट्या फांद्या आणि कोपऱ्यांचं बी, दोन्ही एकत्र दिसलं तर ही जात. मलबाराकडची, आसामातली, ओल्या जंगलांची. इकडच्या कोरड्या मुलखात तुम्हाला ती मिळायची नाही."

आणि ती माझ्यापुढं होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी आनंदानं ओरडले असते. त्या दिवशी मला घाम फुटला. मला ही तीच जात निघायला हवी होती, कारण तिचं नाव विषारी म्हणून मी कधी ऐकलं नव्हतं; ती तीच निघाली तर मी सुटत होते. मग मला कोपरे खरंच दिसत होते की हवे होते म्हणून मी ते बघत होते? मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा बघितलं. ओच्यातले सगळे झुपके एकेक करून काचेखाली घातले. एक जरा जून, तपकिरी पडलेला होता, त्यालाही तेच बी. शेवटी डॉक्टरांना हाक मारली आणि काही न सांगता बघायला लावलं.

"काय दिसतं?"

ते बराच वेळ वाकून राहिले. "कोने दिखते. गोल नै."

"सगळ्यांना?"

"सबकू."

मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "तो? जहर है या नै?"

मी म्हणाले, "नाव कळलं असं वाटतं. पण ही इकडं कधी कुणाला मिळालेली नाही. विषाचं मला माहीत नाही." 'मला माहीत नाही' हे तीन शब्द शुक्रवारीच म्हणायला हवे होते.

मी बाहेर आले. याडी व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली होती. तिनं माझा पदर धरून मला खाली ओढलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, टेकोड्यानं झालं म्हना."

"काहून?" मी तिच्यासारख्याच मराठीत विचारलं.

"महामारी म्हनलं की तांडा बंद करतील. मोळी इकू देनार न्हाईत. मागल्या खेपेला आमची अंथरुनं जाळली, झोपड्या जाळल्या. पावसात लेकरं घेऊन माळावर बसलो आमी. टेकोडं खाल्लं म्हनलं की एकलीचं झालं. तुमाला कोन काय म्हननार? शिकलेल्या बाई तुमी."

"आणि महामारी असली तर, याडी? सगळे तेच पाणी पितात ना?"

 तिनं पदर सोडला नाही. तिची बोटं थंडगार होती.

मला ती सुटायला हवी होती आणि मलाही सुटायचं होतं, आणि आमच्या दोघींच्या सुटण्याच्या वाटा एकमेकींच्या उलट होत्या. बुरशी विषारी निघाली तर मी एका बाईचा जीव घेतलेली. नाही निघाली तर तांड्यात ते शिरलेलं. आतून सुनेच्या ओकण्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. ते थांबणं ऐकून मी पदर सोडवून उठले, कारण वर्गात सांगितलेलं तेच होतं : मध्ये बरं वाटतं.

पुढं जे केलं ते शहाणपणाचं होतं असं मी म्हणत नाही. ओच्यातले उरलेले झुपके मी घरी आणले. घर दवाखान्यापासून जवळ होतं. दादा ड्युटीवर. चूल पेटवली, मीठ-तिखट घालून ते उकळले आणि सकाळच्या भाकरीबरोबर सगळे खाल्ले. चव काहीच लागली नाही, किंचित कडवट. दहा वाजले असतील. भांडं घासलं, पालथं घातलं, आणि भांडं पालथं घालताना पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. आधीची भीती दुसऱ्याची होती. ही माझ्या पोटात होती, घोटाघोटानं खाली उतरत. दादाला चिठ्ठी लिहायला बसले. 'मी जे खाल्लं ते माझ्या मनानं खाल्लं' एवढंच लिहून झालं. ती चिठ्ठी चुलीत टाकली आणि दवाखान्यात परत गेले.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातली पितळी थाळी खाली पडली. आवाज चढवलेला मी त्यांचा तेवढाच ऐकला. "ये क्या कर ली तुम! मरीज एक कम था क्या मेरेकू?" मग खुर्ची ओढली. "इधर बैठो. मेरे सामने. हिलना नक्को."

मी बसले. ते दर अर्ध्या तासानं येऊन माझी नाडी बघायचे, जिभेकडं बघायचे, आत जायचे. शाळेतून कुणीतरी विचारायला आलं, त्याला डॉक्टरांनीच "बाईंना बरं नाही" म्हणून वाटेला लावलं. अकरा वाजता मला मळमळलं. बारा वाजता पोटात कळ आली. ती खरी होती की भीतीची, देव जाणे. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले आणि नाल्याच्या वाटेवर म्हटले तसे पाढे म्हणू लागले. एकोणीसच्या पाढ्यात अडखळत होते, म्हणून तोच परत परत म्हटला. आत सुनेच्या हाताला सुई लावलेली होती. मिठाच्या पाण्याची एकच बाटली दवाखान्यात होती, ती संपली की कंपाउंडर पाणी उकळून परत भरत होता. याडी तिच्या उशाशी बसून ओले फडके बदलत होती. सगळं तिच्या हातानं चाललं होतं, ओकलेलं पुसणंही.

दोन-अडीचच्या सुमाराला आवारात दुसरी गाडी आली. तांड्यावरचा एक म्हातारा होता, त्याच्या मुलानं उचलून आणलेला. डोळे खोल गेलेले, पायांत गोळे, ओठ निळे. डॉक्टरांनी विचारायच्या आत मीच ओरडले, "ह्यांनी टेकोडे खाल्ले का?"

"कुटले टेकोडे?" मुलगा म्हणाला. "दोन रोजापसून ह्यानं कायबी खाल्लं न्हाई. नुसतं पानी मागतो."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. आत जाऊन त्यांनी तहसीलला चिठ्ठी लिहायला घेतली.

मी सुटले होते. विष नव्हतं. आणि त्या क्षणी माझ्या मनात जे उमटलं ते सुखच होतं, अगदी लखलखीत, घोटभर पाण्यासारखं. एवढ्यात याडी दारात आली. तिनं म्हाताऱ्याला बघितलं, मला बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या सुखाची लाज मला अजून वाटते.

त्याच दुपारी शिपाई आणि लस टोचणारी माणसं तांड्यावर गेली. विहिरीत लाल दवा टाकली. याडीला वाटलं होतं तसंच झालं : तांड्याची वाट बंद केली, बाजार बंद, मोळ्या बंद. अंथरुणं जाळली, पण झोपड्या जाळू दिल्या नाहीत. डॉक्टर स्वतः तिथं उभे राहिले होते असं नंतर ऐकलं. सगळे मिळून सात जण आजारी पडले. म्हातारा त्याच संध्याकाळी गेला. सून वाचली.

याडी गेली. सुनेचं करता करता तिला झालं. बुधवारी सकाळी दवाखान्यातच, व्हरांड्यातल्या बाजेवर. मला टोचून झालं होतं, तरी डॉक्टरांनी मला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. मी पायऱ्यांवरून हाक मारली. तिनं मान वळवली, पण तिला मी दिसले की नाही, ते सांगता येत नाही.

माझं काय? मला काहीसुद्धा झालं नाही. साधं पोटही बिघडलं नाही.

वाळवलेले नमुने घरात तसेच पडून होते. पंधरा दिवस मी त्यांना हात लावला नाही. मग एक दिवस त्यांचे कागद बदलले, वहीतून टिपण उतरवून काढलं, बियांचं चित्र काढलं आणि वाशीमकडच्या मोटारीनं पुडी नागपूरला धाडली. निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यावर ती फोडून बघितली असणार, कारण प्राध्यापकांना मिळाली तेव्हा दोरा दुसराच होता.

दिवाळीनंतर त्यांचं पत्र आलं. ह्या वेळी कार्ड नव्हतं, चांगलं तीन पानी पाकीट होतं. त्यांनी नमुने आणखी एका जाणकाराला दाखवले होते. जात तीच. एवढ्या कोरड्या मुलखातली तिची नोंद त्यांच्या माहितीत नव्हती. बांबूच्या बेटातल्या ओलीमुळं ती तिथं तगली असावी असं त्यांनी लिहिलं होतं. चव, रंग, जागा ही टिपणं नीट घेतल्याबद्दल शाबासकी होती. शेवटी विचारलं होतं, "नमुना प्रथम कुणी दाखवला? त्याचं नाव कळवा म्हणजे नोंदीत घालू."

मी पेन उचललं आणि थांबले. तिचं नाव मला माहीत नव्हतं. दीड वर्ष ती माझ्या ओसरीवर चहा प्यायली होती. तांड्यावर जाऊन विचारावं तर वाट नुकतीच मोकळी झाली होती आणि मला तोंड दाखवायचा धीर होत नव्हता. मी उत्तरात लिहिलं, "एका लमाण बाईनं." नोंद तशीच झाली.

खाल्ल्याचं मी त्यांना कळवलं नाही. "गिळायचं नाही" हे त्यांचं वाक्य होतं, म्हणून नव्हे. ती गोष्ट शास्त्राची नव्हतीच.

पुढच्या पावसाळ्यात जळण घेऊन सून आली. वाळून अर्धी झाली होती, पण मोळी तेवढीच मोठी. मी चहा टाकला. ती ओसरीवर बसली नाही, उभ्यानंच प्यायली. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सासूनं दाखवली ती जागा मला ठाव हाय. जायचं का?"

मला नको म्हणायचं होतं. शुक्रवारी गेलो. तीच वाट, तोच साग. ती याडीसारखं मोठ्यानं बोलत नव्हती. कोयत्यानं झाडांच्या खोडांवर ठोकत चालली होती. बेटाखाली पानं चांगली भिजलेली होती. आम्ही दोघींनी ती उलथून उलथून बघितली. पांढरे दोरे होते, झुडूप एकही नव्हतं. दोन पावसाळे मी तिथं आणखी होते. पुन्हा ते मला दिसलं नाही.

परत फिरताना तिनं मधेच विचारलं, "बाई, खरं सांगा. त्यानं झालं व्हतं का मला?"

"नाही."

"तुमाला कसं कळलं?"

"मी पण खाल्लं होतं. तू दवाखान्यात होतीस तेव्हा. सगळं उरलेलं."

ती थांबली. वळून माझ्याकडं बघत राहिली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"काहून खाल्लं?"

"भीती वाटली म्हणून."

 मग म्हणाली, "मी भूक लागली म्हून खाल्लं. चांगलं लागलं व्हतं." आणि कोयता खोडावर ठोकला. वर ढग दाटून आले होते. तांड्यापर्यंत पोचायच्या आत पाऊस गाठणार होता, म्हणून आम्ही पावलं उचलली.